चर्यांचा परवाना

आपण मराठी माणसं परदेशात गेलो की एक खोड काही जात नाही. कुठेही "कॅसल" अशी पाटी दिसली की आधी मान वर करून बुरूज मोजायचे, मग दरवाजा कुठल्या बाजूला वळवलाय ते बघायचं, आणि शेवटी एक निकाल देऊन टाकायचा: "हॅ, आपल्या राजगडासमोर काहीच नाही." मीही त्यातलाच. लहानपणापासून दर पावसाळ्यात सह्याद्रीत चिखल तुडवल्यामुळे किल्ला म्हणजे काय याबद्दल माझ्या डोक्यात एक पक्कं चित्र आहे. त्यामुळे इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात स्टोकसे कॅसल बघायला गेलो तेव्हा पहिल्या दोन मिनिटांतच माझा निकाल तयार होता. हा किल्ला नाही. ही गढी आहे. आणि गढी म्हणूनसुद्धा जरा संशयास्पदच.

संशयाचं कारण खिडक्या. मधल्या मोठ्या दिवाणखान्याला अंगणाच्या बाजूने उंचच उंच खिडक्या आहेत, ते एक वेळ समजू शकतो. पण तशाच खिडक्या खंदकाच्या बाजूलाही आहेत! म्हणजे शत्रूने खंदक ओलांडला की त्याला तोफ नको, शिडी नको, सरळ खिडकीतून आत यावं आणि जेवायला बसावं. आणि या सगळ्याच्या दक्षिण टोकाला एक जाडजूड मनोरा, त्याच्या माथ्यावर मात्र अगदी शिस्तीत चर्या. (चर्या म्हणजे तटाच्या माथ्यावरचे ते दातेरी कंगोरे. एक दगडी दात, एक फट, पुन्हा दात. दाताआड लपायचं, फटीतून बाण मारायचा. ट्रेकवाल्यांना सांगायला नकोच.) कमरेला तलवार आणि पायात सपाता घातलेल्या माणसासारखी ती इमारत दिसते.

तिथेच कळलं की त्या चर्यांसाठी परवाना घेतला होता. राजाकडून. 1291 मध्ये. आणि या परवान्याला इतिहासात रीतसर नाव आहे: "लायसन्स टू क्रेनेलेट", म्हणजे शब्दशः "चर्या बांधण्याचा परवाना". इंजिनिअर माणसाला "परवाना", "अप्रूव्हल", "ॲक्सेस" असले शब्द ऐकले की कान टवकारतात, कारण आपलं अर्धं आयुष्य त्यातच जातं. त्यामुळे परत आल्यावर काही वीकेंड या विषयात घालवले. आजची पोस्ट त्याचीच. आणि यात मला एक मत मांडायचंय, ते आधीच सांगून ठेवतो: "हे सगळं नुसतं शोसाठी होतं" असं जे हल्ली सरसकट म्हटलं जातं ना, ते मला अर्धवट वाटतं.

पण आधी थोडी पार्श्वभूमी.

घराला तटबंदी करायला राजाची परवानगी का लागावी? वरवर उत्तर सोपं आहे. प्रत्येक जमीनदाराने आपापला किल्ला बांधला तर राजाला विचारणार कोण? नॉर्मंडीत 1091 मध्ये ड्यूकचे जे हक्क लिहून काढले गेले, त्यात हे नियम सापडतात, आणि ते वाचून मला फारच मजा वाटली. खंदक किती खोल खणायचा? तर तळाशी उभ्या असलेल्या माणसाला फावड्याने माती थेट वर काठावर फेकता येईल इतकाच. त्याहून खोल नाही. कुंपण? लाकडी, एकपदरी, आणि त्यावर चर्या वगैरे चालणार नाहीत. काय स्पेसिफिकेशन आहे बघा! फूट नाही, मीटर नाही, मोजायला माणूस आणि त्याचं फावडं. जागेवर जाऊन कोणीही पाच मिनिटांत टेस्ट करू शकतो. आमच्या क्षेत्रात इतक्या स्वच्छ रिक्वायरमेंट मी फार कमी वाचल्या आहेत.

मग इंग्लंडमध्ये 1135 ते 1153 या काळात स्टीफन आणि मॅटिल्डा यांच्यात गादीवरून भांडण झालं. या गोंधळात ज्याला जमेल त्याने किल्ले उभारले. 1154 मध्ये दुसरा हेन्री गादीवर आला आणि त्याने असे बिनपरवाना किल्ले पाडायला सुरुवात केली. इथपर्यंत सगळं शाळेच्या पुस्तकासारखं सरळ चाललंय. पुढे राजा झालेल्या जॉनने, राजा होण्याच्याही आधी, डर्बीशायरमधल्या हॅडन हॉलच्या मालकाला घराभोवती भिंत बांधायला परवानगी दिली, पण अट घातली: उंची 12 फूट, आणि चर्या नाहीत. म्हणजे भिंत बांध बाबा, पण तिला दात नकोत.

यावरून कोणालाही वाटेल की ही कडक परवाना पद्धत होती. राजा प्रत्येक अर्ज तपासतोय, धोका किती ते ठरवतोय, आणि मग शिक्का मारतोय. जुने इतिहासकारही साधारण असंच मानायचे.

घोळ पुढे आहे.

हे परवाने कुठे सापडतात? तर "पेटंट रोल्स"मध्ये. जॉन राजाच्या काळात, 1201 पासून, राजाच्या दफ्तरखान्याने बाहेर पाठवलेल्या उघड्या पत्रांच्या नकला चामड्याच्या तुकड्यांवर लिहून, ते तुकडे एकाखाली एक शिवून, गुंडाळ्या करून ठेवायला सुरुवात झाली. आज त्या लंडनजवळ क्यू इथे राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत. पेटंट म्हणजे मुळात "उघडं". ज्या पत्राची मोहोर न फोडता ते कोणालाही वाचता येतं ते पेटंट. आपल्याकडच्या सनदेसारखं. सॉफ्टवेअरवाले आज ज्या पेटंटवरून कोर्टात भांडतात तो शब्दही तिथूनच आला. (हे मला माहीत नव्हतं. उगाच शहाणपणा करत नाही.)

नोंदीचा साचा जवळपास ठरलेला. अमुक माणसाला आणि त्याच्या वारसांना तमुक परगण्यातलं आपलं राहतं घर दगड-चुन्याच्या भिंतीने मजबूत करण्याची आणि त्याला चर्या बांधण्याची मुभा देत आहोत, आमचे अधिकारी त्यात अडथळा आणणार नाहीत. बस. नकाशा नाही, उंची नाही, पाहणी नाही. फिलिप डेव्हिस या अभ्यासकाने 1199 ते 1567 या काळातल्या अशा परवान्यांची यादी केली आहे, ती पाचशेच्या वर जाते.

पाचशे नोंदींचा डेटा म्हटल्यावर आपण काय करणार? जमिनीवर प्रत्यक्ष जे उभं आहे त्याच्याशी ताडून बघणार. आणि तिथे सगळी गंमत बाहेर येते. कितीतरी भक्कम किल्ल्यांचा यादीत पत्ता नाही. उलट यादीतल्या कित्येक ठिकाणी परवाना आहे पण बांधकामाचा मागमूस नाही, किंवा जे आहे ते साधं घर आहे. मोठे उमराव यादीत कमीच दिसतात, जास्त भरणा मधल्या फळीचा: सरदार, बिशप, मठ, व्यापारी, राजाच्या नोकरीतले लोक. आणि परवाना न घेता बांधलं तर? बहुतेक वेळा काही होत नाही. फार तर माफीपत्र मिळतं!

माफीपत्राचं माझं सर्वात आवडतं उदाहरण म्हणजे सर थॉमस हंगरफोर्ड. सॉमरसेटमध्ये फार्ले हंगरफोर्ड म्हणून जागा आहे, तिथे याने जुन्या वाड्याचा किल्ला केला. परवाना काढला नाही. 1383 मध्ये राजाने त्याला चक्क माफी देऊन टाकली. आणि हा माणूस कोण? इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सचा "स्पीकर" अशी ज्याची पहिल्यांदा नोंद सापडते तोच, 1377 चा. म्हणजे कायदे करणाऱ्या सभागृहाचे अध्यक्षमहाराज स्वतः अनधिकृत बांधकाम करून नंतर नियमित करून घेतात. पुढचं तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात आलं, पण आज आपण इंग्लंडातच राहूया :-)

तर माझ्या भाषेत सांगायचं झालं तर पेटंट रोल ही फायरवॉल नाही, ती लॉग फाईल आहे. कोण आलं आणि काय मागून गेलं याची नोंद. तिने कोणाला अडवलं असा पुरावा फारसा नाही. आता इथे प्रामाणिकपणे एक अडचण मान्य करतो. जी लॉग फाईल फक्त मंजूर झालेल्या विनंत्या लिहिते, तिच्यात नामंजूर झालेल्या दिसणारच नाहीत. त्यामुळे "राजा कोणाला नाही म्हणतच नव्हता" असं निव्वळ या गुंडाळ्यांवरून म्हणता येत नाही. पण बिनपरवाना बांधणाऱ्यांवर सरसकट बुलडोझर फिरला नाही हे तर दिसतंय ना? जो दरवाजा बंद नव्हता त्याची किल्ली लोक हौसेने मागायला जात होते, हे खरं कोडं आहे.

या कोड्याला चार्ल्स कूलसन या इतिहासकाराने उत्तर दिलं. 1979 पासून तो मांडत आला की किल्ल्याच्या या खुणा म्हणजे प्रतिष्ठेची भाषा आहे. चर्या म्हणजे खानदान. परवाना म्हणजे राजाने चारचौघांत दिलेली मानाची पावती. आणि परवाने बहुधा राजाला हवे होते म्हणून दिले गेले नाहीत, तर लोकांना हवे होते म्हणून. थोडक्यात, ब्लू टिक. (तीसुद्धा जुनी, 2022 मध्ये पैसे भरून कोणालाही मिळायला लागण्याआधीची.)

हे उत्तर हुशार आहे आणि बऱ्याच अंशी बरोबरही. पण मग झालं असं की लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. आता प्रत्येक इंग्रजी गढीसमोर उभं राहून कोणी ना कोणी म्हणतं, हे खोटं आहे, नाटक आहे, श्रीमंतांची हौस आहे. 2007 मध्ये कॉलिन प्लॅटने एक लेख लिहून या मंडळींना जरा सबुरीने घ्या असं सुनावलं. म्हणजे वाद अजून चालू आहे. माझ्या मते दोन्ही बाजू एकच प्रश्न विचारतायत: भिंत खरी की खोटी? आणि मला तो प्रश्नच कमी महत्त्वाचा वाटतो.

भिंत खरी ठरली तर काय होतं त्याचं उदाहरण आधी बघू. उत्तरेला, स्कॉटलंडच्या सीमेजवळ, नॉर्थम्बरलंडमध्ये एडन कॅसल आहे. रॉबर्ट डी रेमिस नावाच्या माणसाने तेराव्या शतकाच्या अखेरीला तिथे घर बांधलं. हा मूळचा दूर दक्षिणेकडच्या सफोकचा, व्यापारी पैसा असलेल्या घरातला. बांधताना सीमेवर शांतता होती, म्हणून घर साधंच, तटबंदीविना. आणि नेमकी 1296 मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड लढाई पेटली. नशीब बघा! मग 1305 मध्ये त्याने परवाना काढला आणि घराभोवती भिंती घातल्या. इथे कोणी "शो" म्हणून दाखवावं. माणूस खरोखर घाबरलेला आहे. आणि परिणाम? 1315 मध्ये स्कॉट आले आणि त्यांनी ते घेतलं, लुटलं, जाळलं. 1317 मध्ये पुन्हा हातचं गेलं, आणि या वेळी घेणारे स्कॉट नव्हे, इंग्रज बंडखोरच होते. परवाना राजाचा, दगड-चुन्याची भिंत खरी, भीतीही खरी. उपयोग शून्य.

म्हणजे जिथे भिंतीची गरज होती तिथे ती पुरली नाही, आणि जिथे गरज नव्हती तिथे ती सुंदर दिसत उभी राहिली. मग भिंतीवरून परवान्याचा अर्थ कसा लागणार? तो लावायचा तर भिंत सोडून त्या दोन पक्षांकडे बघायला हवं. घेणारा आणि देणारा.

आता पुन्हा स्टोकसेला जाऊ.

1281 मध्ये ही जागा विकत घेतली लॉरेन्स ऑफ लडलोने. हा सरदार नाही, लढवय्या नाही. लोकरीचा व्यापारी. बापही लोकरीचा व्यापारी. तेराव्या शतकातल्या इंग्लंडची लोकर म्हणजे आजचं तेल समजा. फ्लँडर्सच्या कापड गिरण्या (हातमागच, पण कल्पना यावी म्हणून) तिच्यावर चालायच्या. लॉरेन्स हा त्या धंद्यातला देशातला एक सर्वात मोठा माणूस. उमरावांना कर्ज देणारा. आणि वेल्सची सीमा जवळ असली तरी 1282-83 मध्ये पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकून ती कटकट संपवली होती. म्हणजे 1291 मध्ये परवाना घेताना लॉरेन्सच्या दारात फौज येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. फार तर दरोडेखोर. पैसेवाल्या व्यापाऱ्याच्या घरी दरोडेखोर येऊ शकतात हे मी मान्य करतो, आणि त्यांच्यासाठी भिंत, खंदक आणि बंद दरवाजा पुरेसा आहे. चर्यांची गरज नाही.

मग चर्या कशाला? कारण लॉरेन्सकडे सगळं होतं, फक्त आजोबा नव्हते. म्हणजे सांगण्यासारखे आजोबा. ज्याचं घराणं चारशे वर्षं लढतंय त्याला राजाचं पत्र लागत नाही, त्याच्या भिंतीकडे बघून कोणी "ही कोणाच्या परवानगीने?" असं विचारत नाही. लोकरवाल्याला मात्र विचारतील. तेव्हा ते उघडं पत्र, कोणालाही वाचता येणारं, हेच त्याचं उत्तर. आणि ते वारसांसकट आहे, हे विसरू नका. लॉरेन्स स्वतःसाठी नव्हे तर नातवंडांसाठी आजोबा तयार करत होता. ते जमलंही. त्याच्या वंशजांकडे स्टोकसे पुढची दोनशे वर्षं राहिलं, आणि ते लोकरवाले म्हणून नाही तर जमीनदार सरंजामी म्हणून ओळखले गेले. याला "नुसता शो" म्हणायचं? अहो, ज्या समाजात तुमचं दिसणं हीच तुमची पत आहे, तिथे शो हेच तर काम आहे. आपण इंटरव्ह्यूला इस्त्रीचा शर्ट घालून जातो तेव्हा कोड चांगला लिहिता येतो म्हणून जात नाही.

ही झाली घेणाऱ्याची बाजू. इतिहासकारांनी ती छान उलगडली आहे. देणाऱ्याच्या बाजूबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय.

राजाचं काय गेलं? काहीच नाही. जमीन दिली नाही, पैसा दिला नाही, पद दिलं नाही. दिलं ते एक "हो". चामड्याचा तुकडा, थोडं मेण आणि कारकुनाचा अर्धा दिवस. सत्तेकडे देण्यासारख्या ज्या ज्या गोष्टी असतात, त्यात परवानगी सर्वात स्वस्त पडते, कारण कच्चा माल लागत नाही. आधी "विचारल्याशिवाय करू नका" म्हणायचं, की ती लगेच तयार होते. आणि बदल्यात? 1294 उजाडतं.

गॅस्कनीवरून फ्रान्सशी युद्ध पेटतं. एडवर्डला पैसा हवा. तो देशातली सगळी लोकर जप्त करायला निघतो. तेव्हा व्यापारी मध्ये पडतात, आणि त्यांचा पुढारी लॉरेन्स. तोडगा असा निघतो की जप्ती नको, त्याऐवजी निर्यातीवरची जकात वाढवा. 1275 पासून जकात होती पोत्यामागे 6 शिलिंग 8 पेन्स. ती वाढून बसली 40 शिलिंगवर. सहापट! आता ही सहापट जकात व्यापाऱ्याने खिशातून भरली असती असं ज्याला वाटतं त्याने कधी धंदा केलेला नाही. ती खाली ढकलली गेली. मेंढ्या पाळणाऱ्याकडून लोकर घेताना भाव पाडला, झालं. ज्यांच्या मेंढ्या होत्या त्या शेतकऱ्यांनी आणि मठांनी ती भरली. लोकांनी या जकातीला नाव ठेवलं "मॅलटोल्ट". म्हणजे दुष्ट जकात.

1291 चा परवाना हा 1294 च्या जकातीचा सरळ मोबदला होता असं मी म्हणत नाही. तसा कागद नाही, आणि तीन वर्षं आधी युद्ध होणार हे कोणाला ठाऊक होतं? पण राजा आणि लॉरेन्स यांच्यातलं नातं कशाचं होतं ते यातून दिसतं. एकाला दर्जा हवाय, जो फक्त दुसराच देऊ शकतो. दुसऱ्याला पैसा हवाय, जो पहिला दुसऱ्यांच्या खिशातून काढून देऊ शकतो. या व्यवहारात तिसरा पक्ष आहे, आणि तो पेटंट रोलमध्ये कुठेच नाही. त्याने चर्या मागितल्या नाहीत, त्याला कोणी विचारलं नाही, पण पोत्यामागे 40 शिलिंग त्याच्या अंगावर पडले. म्हणून "शो" हा शब्द मला खटकतो. शो म्हटलं की वाटतं, कोणाचंच काही नुकसान झालं नाही, श्रीमंत माणसाची मजा होती.

दुसरं उदाहरण याहून झणझणीत आहे. बोडिअम कॅसल, ससेक्स. फोटो तुम्ही नक्की पाहिलाय: चौकोनी तळं, मधोमध चौकोनी किल्ला, चारही कोपऱ्यांत गोल बुरूज, कॅलेंडरवाल्यांचं लाडकं. मालक सर एडवर्ड डॅलिंग्रिज. फ्रान्समध्ये रॉबर्ट नोल्सच्या टोळधाडीत हिंडून पैसा आणि नाव कमावलेला. बायकोच्या माहेराकडून बोडिअमची जहागीर मिळालेली. या माणसाचं जॉन ऑफ गाँटशी, म्हणजे राजाच्या सख्ख्या काकाशी, वाकडं होतं. गाँटच्या ससेक्समधल्या जमिनींवर याने धुडगूस घातला, 1384 मध्ये खटला झाला, थोडे दिवस तुरुंगातही जाऊन आला. आणि ऑक्टोबर 1385 मध्ये दुसऱ्या रिचर्डने याच गृहस्थाला परवाना दिला. कशासाठी? आसपासच्या मुलखाच्या रक्षणासाठी आणि शत्रूच्या प्रतिकारासाठी!

आता बाजू दोन्हीकडची मांडतो. फ्रेंच भीती खरी होती. 1377 मध्ये त्यांनी राय हे बंदर जाळलं होतं, 1380 मध्ये विंचेल्सीवर हल्ला केला, आणि 1385 मध्ये स्वारीची तयारी चालल्याच्या बातम्या होत्या. परवान्यात बोडिअम समुद्राजवळ आहे असं म्हटलंय, प्रत्यक्षात ते नदीकाठी बरंच आत आहे. परवाना होता असलेला वाडा मजबूत करण्याचा. याने तो वाडा सोडला आणि नव्या जागी नवा कोरा किल्ला बांधला. रिनोव्हेशनच्या परमिशनवर नवी बिल्डिंग! दरवाजाच्या बुरुजांत बंदुकांसाठी जंग्या आहेत, पण खंदकाचं पाणी एका मातीच्या बांधाने अडवलेलं, तो फोडला की तळं रिकामं, अशी टीका कूलसनच्या बाजूचे लोक करतात. म्हणजे लढाऊ की दिखाऊ हा वाद इथेही संपत नाही.

पण माझ्या प्रश्नाने बघा. दुसऱ्याच्या जमिनीवर दंगा करून नुकताच तुरुंगातून सुटलेला माणूस एका वर्षात "मुलखाचा रक्षक" होतो, राजाच्या मोहोरेनिशी. ससेक्सच्या ज्या लोकांनी त्याचे प्रताप पाहिले होते त्यांना त्या उघड्या पत्राने काय सांगितलं असेल? फ्रेंच येणार हे? मला वाटतं, त्यांना कळलं की या माणसाच्या मागे आता राजा आहे. पुढे 1392 मध्ये रिचर्डने लंडन शहरावर रागावून तिथला कारभार ताब्यात घेतला, तेव्हा शहरावर नेमलेल्या कारभाऱ्यांत हेच डॅलिंग्रिज होते. राजाने "हो" फुकट दिलं नव्हतं.

(बोडिअमचा आपल्याशी एक धागा आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पडझड झालेला हा किल्ला 1917 मध्ये विकत घेतला लॉर्ड कर्झनने. होय, तोच, 1899 ते 1905 चा व्हाइसरॉय, बंगालची फाळणी करणारा. आपल्याकडे प्राचीन स्मारकांच्या जतनाचा 1904 चा कायदा केला तोही यानेच. त्याने बोडिअम दुरुस्त केला आणि 1925 मध्ये वारला तेव्हा नॅशनल ट्रस्टला देऊन गेला. माणसं सरळ एका खणात बसत नाहीत हेच खरं.)

मला विचारलं जाईल, मग काय राजाने सगळ्यांना मुक्तहस्त द्यायला हवा होता? स्टीफनच्या काळासारखा? नाही हो. परवाना पद्धत असूच नये असं मी म्हणत नाही. नॉर्मंडीतलं ते फावडं मला म्हणूनच आवडलं. खंदक अमुक खोल, त्याच्यापुढे नाही, आणि तो नियम लोकरवाल्यालाही लागू आणि उमरावालाही. त्यात कोणी कोणाचे आभार मानायची गरज नाही. पुढे इंग्लंडमध्ये मोजमाप मागे पडलं आणि मर्जी उरली. भिंत किती उंच हे विचारणं बंद झालं, कोण मागतोय एवढंच महत्त्वाचं राहिलं. मागणाऱ्यालाही तेच हवं होतं, त्यामुळे तक्रार करणार कोण? ज्याला परवाना मिळाला तो खूश, ज्याला त्याची गरजच नाही तो उदासीन, आणि ज्याच्या अंगावर त्याची किंमत पडणार त्याला लॅटिन वाचता येत नव्हतं.

लॉरेन्सचं पुढे काय झालं ते राहिलंच. त्याच 1294 च्या नोव्हेंबरात लोकरीने भरलेली जहाजं घेऊन तो समुद्रापलीकडे निघाला आणि त्याचं जहाज बुडालं. परवान्याला तीन वर्षं झाली होती. डन्स्टेबलच्या मठातल्या बखरकाराने याची नोंद केली आहे, आणि तिच्यात हळहळ अजिबात नाही. लोकरवाल्यांचं वाईट केलंस ना, मग लोकरीच्या जहाजातच बुडालास, असा एकूण सूर. मठांकडेही मेंढ्या होत्या, त्यांचाही भाव पडला होता, त्यामुळे महाराजांचा राग समजू शकतो. पण पेटंट रोलमध्ये जो तिसरा पक्ष मला कुठे सापडला नाही, त्याचा आवाज मला त्या एका ओळीत ऐकू आला.

मॅलटोल्ट 1297 मध्ये एडवर्डला मागे घ्यावी लागली, लोक फारच खवळले होते. स्टोकसेच्या बाहेरच्या तटाची परीक्षा थेट 1645 मध्ये, यादवी युद्धात झाली. पार्लमेंटची फौज आली आणि आतल्यांनी फारसं न लढता जागा देऊन टाकली. नंतर तो तट बराचसा पाडला गेला, म्हणून आज आत शिरताना बाहेरची भिंत शोधावी लागते. दिवाणखाना आणि मनोरे मात्र शाबूत आहेत.

जाणार असाल तर ट्रेनने क्रेव्हन आर्म्सला उतरा, तिथून चालत जाता येतं. लाकडी प्रवेशद्वार बघून हुरळू नका, ते सतराव्या शतकातलं आहे, लॉरेन्सने ते पाहिलेलं नाही. सरळ दक्षिण मनोऱ्याच्या गच्चीवर जा. तिथून चर्यांच्या फटीतून खाली बघितलं की चारी बाजूंना हिरव्या टेकड्या दिसतात आणि त्यांवर मेंढ्या. आम्ही गेलो तेव्हा तरी भरपूर होत्या.